लेसरच्या ‘घडवलेल्या’ पल्सने रेणू हवा तिथेच तुटतो का?

कातळवाट (राजापूर)

फेम्टोसेकंद लेसरची पल्स हवी तशी घडवायची, तिने रेणूतला नेमका एकच बंध तोडायचा आणि शेजारच्याला धक्काही लावायचा नाही, असं गेली तीसेक वर्षं ऐकू येतंय. त्यात खरं किती, यासाठी हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. तेवढ्यात प्रकाश ०.३ मायक्रॉन पुढे जातो. ३० फेम्टोसेकंदांची पल्स म्हणजे प्रकाशाची ९ मायक्रॉन जाडीची चकती, केसाहून कितीतरी पातळ. रेणूंतले अणू याच वेळमानात हलतात. ते हलताना बघण्याच्या कामासाठी झेवेल यांना १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बघून झालं, आता हलवूही आपणच, ही पुढची उडी.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. यातल्या बऱ्याच प्रयोगांत राबते ती पल्सची तीव्रता आणि हार घालून घेतो तो ‘आकार’.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत एखाद्या कॉलेजात असली मांडणी करायची तर काय लागेल आणि काय बिघडेल?

तिरफळ

पल्स म्हणजे कुळीथच ना? मग फेम्टोसेकंदात काही व्हायचं नाही. रात्रभर भिजत घाला.

माडाखालचा (गुहागर)

कुळथाची पिठी नंतर. कातळवाट, ‘एकच बंध तोडू’ हे स्वप्न पहिल्यांदा कशाने फसलं ते आधी बघू. सुरुवातीचा हिशोब सरळ होता. प्रत्येक बंधाच्या कंपनाची वारंवारता वेगळी, लेसर नेमका तिच्यावर लावा, तो बंध ताणत जाईल आणि तुटेल. आडकित्त्यात सुपारी धरावी तसं. प्रत्यक्षात एका बंधात घातलेली ऊर्जा पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) रेणूभर पसरते. वाडीत एका माडाच्या आळ्यात पाणी सोडलं की पाटाने ते सगळ्या आळ्यांत जातं ना, तशी. शेवटी तुटतो तो सगळ्यात कमकुवत बंध, ऊर्जा कुठेही घाला. म्हणजे एवढा महागडा लेसर लावून आपण रेणू नुसता तापवला.

ऐंशीच्या दशकात दोन वाटा निघाल्या. टॅनर आणि राइस (१९८५): पहिल्या पल्सने रेणू वरच्या अवस्थेत न्यायचा, तिथे तो हलू लागला की नेमक्या क्षणी दुसऱ्या पल्सने खाली ओढायचा. कधी ओढला यावर कोणता तुकडा सुटतो ते ठरतं. ब्रूमर आणि शापिरो (१९८६): एकाच अवस्थेला पोहोचायच्या दोन वाटा ठेवायच्या, समजा एक फोटॉनची आणि तीन फोटॉनची, आणि दोन्हींमधला फेज, म्हणजे लहरींचा आगेमागेपणा, फिरवून एका उत्पादनाकडे बेरीज, दुसऱ्याकडे वजाबाकी घडवायची.

तिसरी वाट १९९२ची, जडसन आणि रॅबिट्झ यांची. मोठ्या रेणूचं समीकरण आपल्याच्याने सुटत नाही, तर सोडवू नका. पल्स बदला, काय निघालं ते मोजा, त्यावरून पुढची पल्स ठरवा. गाजलेले बरेचसे प्रयोग या तिसऱ्या वाटेवरचे आहेत.

खाडीकाठ (दाभोळ)

पाटाची उपमा अर्धीच लागू पडते. पाणी दुसऱ्या आळ्यात जायच्या आत काम उरकायचं, म्हणूनच तर छोटी पल्स. मी झोपाळा म्हणेन. ओटीवरच्या झोपाळ्याला एकदम धक्का दिला तर कड्या करकरतात. ठेक्यात हलकं ढकललं तर उंच जातो. अवेळी हात लावला तर थांबतो.

आकड्यांत सांगायचं तर ३३,३५६ला वेव्हनंबरने (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येने) भागा, कंपनाचा काळ फेम्टोसेकंदांत मिळतो. कार्बन टेट्राक्लोराइडची तीन कंपनं घ्या: ४५९, ३१४ आणि २१७. काळ अनुक्रमे ७३, १०६ आणि १५४. आता ३० फेम्टोसेकंदांच्या पल्सच्या वर्णपटावर साइन लहरीसारखा फेज चढवला, लहरीचा काळ ७३ आणि उंची १.४३ रेडियन ठेवली, की एका पल्सची माळ होते. मधल्या तीन सारख्या उंचीच्या, दोन्ही बाजूंना एकेक बारीक, सगळ्या ७३च्या अंतराने. ४५९चं कंपन या ठेक्यावर चढत जातं, बाकीच्यांचा ताल चुकतो. वायनर आणि नेल्सन यांच्या गटाने १९९०मध्ये स्फटिकातल्या कंपनांवर पल्सची अशीच माळ वापरली होती.

जांभा

खाडीकाठ, ‘चढत जातं’ इथे पकडतो. रेणू त्या प्रकाशाला शोषत नसेल तर कंपनाला बसणारा धक्का तीव्रतेच्या प्रमाणात असतो. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेची एकच छोटी पल्स ४५९ला तेवढंच हलवते. माळेने एका इंचाचीही वाढ नाही. फायदा निवडीचा. एकाच छोट्या पल्सने तिन्ही कंपनं उठतात. माळेत ४५९ तसंच राहतं, ३१४ जवळजवळ नाहीसं होतं, २१७ सुमारे पाचवा हिस्सा उरतं. शिवाय सर्वोच्च तीव्रता मूळच्या तीस टक्क्यांवर येते, म्हणून द्रव आयनित व्हायच्या आत जास्त ऊर्जा ओतायला वाव मिळतो.

झोपाळ्याची उपमा मान्य, पण एकूण श्रम तेवढेच धरून.

खाडीकाठ (दाभोळ)

बरोबर. ‘चढत जातं’ मागे घेतो.

केवडा

पण इतक्या वेगाने उघडझाप करणारं झडप असेल कुठे? पल्सला आकार देतात तो कशाने?

सुरमई (मालवण)

केवडाताई, झडप नाहीच. वेळेत काही करायचं नसतं, रंगांत करायचं असतं. ३० फेम्टोसेकंदांच्या पल्सला ८०० नॅनोमीटरभोवती ३१ नॅनोमीटर रुंदीचे रंग लागतातच. गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, पल्सला काळ गुणिले वारंवारतेची रुंदी ०.४४१च्या खाली उतरत नाही. ग्रेटिंगने ते रंग पसरायचे, आरशाने एका रेषेवर आणायचे, त्या रेषेवर द्रव-स्फटिकाची पिक्सेलवाली पट्टी, म्हणजे एसएलएम, ठेवायची. ती प्रत्येक रंगाचा फेज वेगवेगळा सरकवते. पुढे तसाच आरसा आणि तशीच ग्रेटिंग रंग पुन्हा एकत्र आणतात. मध्ये चार नाभीय अंतरं, म्हणून नाव चार-एफ. वायनर, हेरिटेज आणि कर्शनर यांनी १९८८मध्ये मांडलेली रचना आजही हीच आहे.

मापं देतो. ग्रेटिंग मिलिमीटरला १,२०० रेषांची, सोन्याचा मुलामा, किरण लिट्रो कोनाजवळ (ज्या कोनात तो आल्या वाटेने परततो) म्हणजे २८.७ अंशांवर. आरसा ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचा. मग पट्टीवर एक नॅनोमीटर रंग ०.४१ मिलिमीटर जागा घेतो. ६४० पिक्सेल, प्रत्येक १०० मायक्रॉन, म्हणजे ६४ मिलिमीटरांत १५६ नॅनोमीटर मावतात. वर्णपटाच्या रुंदीच्या तिप्पट जागा ठेवावी, ती इथे ३९ मिलिमीटर होते. म्हणजे ऐसपैस. भिंग नको, सिलिंड्रिकल आरसाच घ्या. भिंगात प्रत्येक रंगाची नाभी वेगळी पडते. आणि सिलिंड्रिकल आरशात किरण उभा पसरलेला राहतो, त्यामुळे एसएलएम जळत नाही.

जुळणी करताना एसएलएम आधी बसवू नये. रिकामा चार-एफ असा लावा की जी पल्स आत जाते तीच बाहेर येते. दुसरी ग्रेटिंग एक मिलिमीटर जरी पुढेमागे झाली तरी सुमारे १,७०० फेम्टोसेकंद-वर्गाचा चर्प (रंग एकमेकांच्या मागेपुढे सरकणं) चढतो आणि ३०ची पल्स १६०ची होते. म्हणून ती ग्रेटिंग मायक्रोमीटरच्या सरकत्या स्टँडवर हवी. मग बाहेर पडणाऱ्या किरणाचा डावा अर्धा भाग कार्डाने झाका आणि उरलेल्याचा वर्णपट बघा. लाल किंवा निळी बाजू गळाली तर रंग नीट एकत्र आलेले नाहीत. बहुतेक वेळा दोन ग्रेटिंगांच्या रेषा एकमेकींना समांतर नसतात किंवा आरसा तिरका असतो.

त्यानंतर एसएलएम. आडव्या-उभ्या पोलरायझरांमध्ये ठेवून व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत आरपार गेलेला प्रकाश मोजा. चढउतार मिळतात, त्यावरून व्होल्टेज आणि फेजचा तक्ता तयार करा. तक्ता सरळ रेषेत येत नाही, कमी व्होल्टेजला फार तीव्र असतो. खोलीचं तापमान बदललं की तोही सरकतो. कोणत्या पिक्सेलवर कोणता रंग, हे पाहायला ठरावीक पिक्सेलांवर खाचा पाडायच्या आणि स्पेक्ट्रोमीटरवर त्या कुठे दिसतात ते टिपायचं. सगळं जमलं तर आत गेलेल्या ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास बाहेर मिळते, त्यावर समाधान मानायचं.

जांभा

सुरमईशेठनी एक गोष्ट सांगितली नाही. पिक्सेल आहेत म्हणून वेळेलाही कुंपण आहे. त्यांच्या मांडणीत एका पिक्सेलवर ०.२४ नॅनोमीटर येतात, त्यावरून ८.८ पिकोसेकंदांची खिडकी मिळते. त्यापलीकडे पल्स सरकवायला गेलात तर समोरून तिच्या नकला उगवतात. नियम एवढाच की शेजारच्या दोन पिक्सेलांच्या फेजमधला फरक अर्ध्या आवर्तनाच्या आत राहिला पाहिजे. वर्गातला फेज (म्हणजे चर्पच) चढवायचा तर इथे ३१,००० फेम्टोसेकंद-वर्गांच्या पुढे कड फुटते. निम्म्यावर थांबलेलं बरं.

बजेट आखडतं असेल तर १२८ पिक्सेलची पट्टी आणि १०० मिलिमीटरचा आरसा चालतो. ९३ नॅनोमीटर मावतात, पण खिडकी २.९ पिकोसेकंदांवर येते. बांधकाम नकोच असेल तर डॅझलर. स्फटिकातल्या ध्वनिलहरीनेच रंगांना उशीर देतो, टूर्नवा यांची १९९७ची कल्पना. जागा कमी लागते, पैसे कमी लागत नाहीत.

आणि शेपर, म्हणजे पल्स घडवणारी ही मांडणी, ॲम्प्लिफायरच्या आधी बसवणाऱ्यांनी एक जपावं. वर्णपटातले रंग गाळून पल्स घडवू नका. रंग कमी झाले की स्ट्रेचरमध्ये पल्स पुरेशी ताणली जात नाही आणि ॲम्प्लिफायरमधले आरसे-स्फटिक फुटतात. पल्स ताणून, वाढवून, मग दाबायची ही स्ट्रिकलंड आणि मुरू यांची १९८५ची युक्ती, तिला २०१८चं नोबेल मिळालं. ताणच गेला तर युक्ती कुठे राहिली?

दर्यावर्दी

ह्या सगळा खरा. पन माका सांगा, पावसात लायट गेली काय ह्या तुमच्या चकतीचा काय?

ओली_लाकडं (सावंतवाडी)

दर्यावर्दींनी नेमकं दुखणं धरलं. धाग्याचा दुसरा प्रश्न तोच आहे, म्हणून सविस्तर.

आषाढात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू २७ अंशांवर असतो. लेसरचा टायटेनियम-सफायर स्फटिक चिलरने १८-२० अंशांवर ठेवलेला. खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोहोचली की त्यावर दव धरणारच. ओल्या स्फटिकावर पंप लेसर (त्याला ऊर्जा देणारा) पडला की पृष्ठभाग खराब झाला म्हणून समजा. खोली २२ अंश आणि ४५ टक्के ठेवली तर दवबिंदू साडेनऊवर उतरतो, मग चिंता नाही. म्हणून एसी पुरत नाही, वेगळा डीह्युमिडिफायर लागतोच. त्याची पाण्याची नळी उताराने मोरीत सोडा. बादली ठेवली तर ती रविवारीच भरते.

लाईट गेल्यावरचा क्रम: पंपाचा शटर बंद, मग चिलर बंद, मग पेटीत कोरड्या नायट्रोजनची फुंकर चालूच. लाईट आल्यावर आधी एसी आणि डीह्युमिडिफायर, दमटपणा पन्नासच्या खाली उतरल्यावर चिलर, शेवटी लेसर. उलट केलं की गार स्फटिक आणि दमट हवा समोरासमोर येतात. यूपीएसवर पंप लेसरचा वीजपुरवठा, नियंत्रक आणि कॉम्प्युटर असावेत. एसी यूपीएसवर टाकायच्या फंदात पडू नका.

सोन्याच्या ग्रेटिंगला कधीच पुसायचं नाही. कापसाने नाही, लेन्स-पेपरने नाही, अल्कोहोलने तर नाहीच. कोरड्या नायट्रोजनने फुंकायची, बस्स. खारट थेंब वाळला की डाग कायमचा. उघडे आरसे आणि भिंगं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीची जाळी धरते. जेल नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. केडीपीचे (लेसरचा रंग बदलायला वापरतात ते) स्फटिक हवेतलं पाणी पितात, ते तर डब्याबाहेर काढूच नयेत. बीबीओ थोडा सोशिक.

आणि जांभ्याची लाल धूळ. एक कण आरशावर बसला आणि किरण त्यावर पडला की तिथे काळा ठिपका जळून राहतो. गाळलेली हवा आतून बाहेर अशी वाहती हवी, दार उघडलं तरी धूळ आत येऊ नये. चपला बाहेर हे आपल्याकडे सांगावं लागत नाही, तेवढा फायदा.

जांभा

‘जांभ्याची लाल धूळ’ ही वैयक्तिक टीका समजतो.

माडाखालचा (गुहागर)

खाऱ्या हवेचं कारण सांगून कोणी हात झटकू नये. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कुलाब्याला समुद्राला अगदी लागून आहे आणि तिथे तीव्र लेसरवर वर्षानुवर्षं काम चालतं. कोकणपट्टीच ती.

तिरफळ

मुंबई कोकणात येते का, यावर वेगळा धागा काढा. हा हजार प्रतिसादांवर जाईल.

केवडा

पल्स खरोखर हवी तशी घडली आहे हे मोजतात कसं? इतक्या वेगाचा डिटेक्टर तर नसणार.

खाडीकाठ (दाभोळ)

नाहीच. पल्सनेच पल्स मोजायची. साध्या ऑटोकोरिलेटरला (पल्स स्वतःशीच ताडून बघणाऱ्या यंत्राला) फेज कळत नाही. त्यावरची रुंदी १.४१ने भागून (गॉसियन धरून) पल्सची लांबी काढतात, पण आकार त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी फ्रॉग किंवा स्पायडर, या फेजही मोजणाऱ्या पद्धती. फ्रॉग १९९३चा, ट्रेबिनो आणि केन यांचा. स्पायडर १९९८चा, याकोनिस आणि वॉम्सली यांचा.

मोजणी नमुन्याच्या जागीच करावी हे अनेक जण विसरतात. वाटेत १० मिलिमीटर बीके-७ काच आली तर ४४६ फेम्टोसेकंद-वर्ग चढतात आणि ३०ची पल्स ५१ होते. १००ची पल्स असती तर १०१ही झाली नसती. म्हणून काचेचा जाच छोट्या पल्सलाच. क्युवेटची (नमुन्याच्या कुपीची) भिंत, खिडकी, भिंग, सगळं धरून शेपरवर उलटा फेज घालायचा आणि तिथून शून्य मानायचं.

तिरफळ

फ्रॉग म्हणजे बेडूक, ते पावसात हवे तेवढे. स्पायडर म्हणजे कोळी, आमच्याकडे दोन्ही प्रकारचे आहेत. एक जाळं विणतो, दुसराही जाळं विणतो. प्रयोगशाळा झालीच म्हणायची.

सुरमई (मालवण)

तिरफळ यांना या धाग्याचे मानद मत्स्य-सल्लागार नेमावं.

आता जडसन-रॅबिट्झची वाट प्रत्यक्ष चालताना काय लागतं ते. ६४० पिक्सेल सुटे सोडले तर शोध संपत नाही. ३०-४० बिंदूंमधून वळणदार रेषा काढा किंवा फेज साइन लहरींच्या दोन-तीन मापांत बांधा. एका पिढीत, म्हणजे शोधाच्या एका फेरीत, ५० पल्स, अशा १०० पिढ्या, म्हणजे ५,००० मोजण्या. एसएलएम स्थिर व्हायला ५० मिलिसेकंद, सेकंदाला १,००० पल्स देणाऱ्या लेसरवर एक सेकंद सरासरी. दीड तास जातो. तेवढ्या वेळात लेसर सरकता कामा नये, आणि तो सरकतोच. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाल्याचा हेलकावा थेट पल्सला मिळणाऱ्या गुणांत दिसतो. उपाय: दर दहाव्या मोजणीला बिनफेजची पल्स टाका आणि बाकीच्यांना तिने भागा. मागच्या पिढीतले पहिले पाच पुन्हा मोजा. नाहीतर नशिबाने एकदा जास्त गुण मिळालेली पल्स शेवटपर्यंत राजासारखी बसून राहते.

सगळ्यात मोठी चूक ध्येय ठरवताना होते. ‘उत्पन्न वाढव’ (हवा तो तुकडा जास्त काढ) सांगितलं तर अल्गोरिदम इमानाने सगळ्यात छोटी पल्स शोधून आणतो. ती तर आधीच हातात होती. ध्येय नेहमी गुणोत्तर ठेवा, एका तुकड्याला भागिले दुसरा.

कातळवाट (राजापूर)

घ्या. शेवटचा परिच्छेद म्हणजे माझंच म्हणणं झालं.

माडाखालचा (गुहागर)

पूर्ण नाही. १९९८मध्ये गेर्बर यांच्या गटाने लोखंडाच्या एका कार्बोनिल संयुगावर गुणोत्तरच ध्येय ठेवलं आणि ते दोन्ही दिशांना नेऊन दाखवलं. एकदा वाढवलं, एकदा कमी केलं. २००१मध्ये लेव्हिस, मेनकिर आणि रॅबिट्झ यांनी ॲसिटोफिनोनमधून टोल्युइनचा आयन मिळवला. म्हणजे नुसतं तोडणं नाही, दोन तुकडे नव्याने जोडणं.

कातळवाट (राजापूर)

दोन्ही तीव्र क्षेत्रातले, म्हणजे फार तीव्र प्रकाशातले, प्रयोग. गुणोत्तरही तीव्रतेने बदलतं: जास्त तीव्रता, जास्त फोटॉन, वेगळे तुकडे. पल्स लांबवली की सर्वोच्च तीव्रता उतरते आणि गुणोत्तर हलतं. त्यासाठी ‘घडवलेली’ हा शब्द कशाला? नुसता ऊर्जेचा नॉब फिरवून तेच येतं का, हे आधी दाखवा.

जांभा

ते दाखवायच्या तीन चाचण्या आहेत. एक, ऊर्जा आणि साधा चर्प यांचा पूर्ण तक्ता काढायचा आणि सापडलेली पल्स त्या तक्त्याबाहेर पडते का बघायचं. दोन, सगळ्या फेजचं चिन्ह उलटं करायचं. तीव्रतेचा आलेख वेळेत उलटा होतो, बाकी काही बदलत नाही. उलट्या पल्सनेही तेच उत्पन्न आलं तर घटनांच्या क्रमाला काही अर्थ नव्हता. तीन, सापडलेली आणि बिनफेजची पल्स आलटूनपालटून पन्नासेक वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकून. पहिल्या चाचणीतच बरेच ‘आकार’ गळतात. कातळवाट यांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे.

खाडीकाठ (दाभोळ)

मग कमकुवत क्षेत्रात या. २००६मध्ये मिलर यांच्या गटाने बॅक्टेरिओरोडॉप्सिन या प्रथिनातल्या रेटिनलचं (प्रकाश शोषणाऱ्या रेणूचं) रूपांतर पल्स घडवून वीस टक्क्यांनी वाढवून आणि तेवढंच कमी करून दाखवलं. तिथे तीव्रतेचा आरोप चालत नाही.

माडाखालचा (गुहागर)

चालत नाही, पण दुसरा चालतो. एकाच फोटॉनच्या शोषणात, सुट्या रेणूच्या अंतिम उत्पन्नावर फेजचा परिणाम होऊच शकत नाही, हे ब्रूमर आणि शापिरो यांनी १९८९मध्येच मांडलं होतं. रेणू भोवतालाशी बांधलेला असेल, जसा प्रथिनात असतो, तर दार किलकिलं राहतं. म्हणून त्या वीस टक्क्यांवर इतकी वर्षं वाद आहे.

जांभा

कातळवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाला सगळ्यात स्वच्छ उत्तर मोठ्या रेणूत नाही, अणूत आहे. मेशुलाख आणि सिल्बरबर्ग, १९९८. सीझियमचं दोन फोटॉनचं संक्रमण, ८२२ नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांनी. खाडीकाठ यांची साइनची माळ आठवा. तिच्याऐवजी कोसाइन लहर चढवा, उंची दोन्हींत तीच १.२ रेडियन, काळ समजा २०० फेम्टोसेकंद. वेळेत बघितलं तर दोन्ही माळा सारख्या. त्याच उंचीच्या, त्याच अंतराच्या पल्स. तीव्रतेच्या आलेखात फरक शोधून सापडणार नाही.

तरी साइनला अणू बिनफेजच्या पल्सइतकाच उत्तेजित होतो आणि कोसाइनला जवळजवळ अजिबात नाही. कारण असं की मध्यापासून सारख्या अंतरावरचे एक निळा आणि एक लाल असे फोटॉन जोडीने येतात. साइनमध्ये त्यांचे फेज एकमेकांना खोडतात, सगळ्या जोड्या एका सुरात राहतात. कोसाइनमध्ये फेजची बेरीज होते आणि जोड्या एकमेकींना मारतात. तीव्रता तीच, ऊर्जा तीच, उत्तर शंभर आणि शून्य.

एक खोच. ही साइन कोसाइन व्हायला मध्य फक्त पाव लहर सरकावा लागतो. २०० फेम्टोसेकंदांच्या लहरीला ८०० भोवती ते २.७ नॅनोमीटर, म्हणजे सुरमईंच्या पट्टीवर अकरा पिक्सेल. रंग-पिक्सेलचा तक्ता चुकला तर निकाल बरोबर उलटा.

कातळवाट (राजापूर)

हे पटलं. पण द्रावणातल्या रंगद्रव्यात शोषणाचा पट्टा रुंद असतो. तिथे?

जांभा

तिथे तुम्ही जिंकलात. पट्टा सपाट आणि पुरेसा रुंद असेल तर दोन फोटॉनचं शोषण तीव्रतेच्या वर्गाच्या बेरजेवरच ठरतं. साइन आणि कोसाइन सारखेच.

ओली_लाकडं (सावंतवाडी)

फक्त सुरक्षेचं राहिलं. ८०० नॅनोमीटर डोळ्याला फिकट लाल दिसतो, म्हणून कमकुवत वाटतो. किरण टेबलाच्या पातळीवरच ठेवा, त्या उंचीला डोळे नेऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, त्या तरंगलांबीचा चष्मा लावल्याशिवाय शटर उघडू नका.

केवडा

लेसर कोटीच्या घरात. तोपर्यंत कॉलेजात काय करता येईल?

सुरमई (मालवण)

पायथॉनमध्ये शेपर बांधा, फुकट आहे. ८,१९२ बिंदू, २ फेम्टोसेकंदांची पायरी. वर्णपटाची गॉसियन रुंदी १४.७ टेराहर्ट्झ, म्हणजे ३०ची पल्स. फेज गुणा, एफएफटी (रंगांवरून वेळेतला आकार काढणारं गणित) करा. बिंदूंचा क्रम फिरवायची शिफ्ट दोन्ही वेळा लावा, नाहीतर एक सोडून एक बिंदूचं चिन्ह उलटं येतं आणि फेजचा आलेख दाढेदार होतो. तपासणी अशी: वर्गातला फेज १,००० फेम्टोसेकंद-वर्ग घातला की पल्स ९७ फेम्टोसेकंदांची आली पाहिजे. मग जांभा यांची साइन आणि कोसाइन. क्षेत्राचा वर्ग करून त्याची एफएफटी काढा आणि मधला बिंदू बघा.

केवडा

१,००० घातलं तर १३७ येतंय. कुठे चुकतंय?

सुरमई (मालवण)

क्षेत्राची रुंदी मोजताय, तीव्रतेची मोजा. वर्ग घ्यायचा राहिला. १३७ भागिले १.४१.

केवडा

९७.२. आलं. आणि कोसाइनला मधला बिंदू खरंच शून्याला टेकला.

तिरफळ

कुळीथ भिजले.